परवाना, पेठ आणि बहुमत : मद्यविक्रीच्या नियमांच्या भाषेचे परीक्षण

कायद्याची संहिता ही साहित्यकृती नव्हे, हे मान्य करूनही तिचे परीक्षण भाषेच्या अभ्यासकाने करावे असे म्हणण्यास सबळ कारण आहे. काव्यातील एखाद्या शब्दाच्या अर्थाविषयी दोन वाचकांत मतभेद झाला तरी त्यामुळे कोणाच्या संसारात काही उणे पडत नाही. नियमातील शब्दाची गोष्ट वेगळी आहे. तेथे एका शब्दाच्या अर्थावर कोणाचे दुकान उघडते, कोणाचे मिटते आणि कोणाच्या दारासमोर सायंकाळी गर्दी जमते, हे ठरत असते. महाराष्ट्रात मद्यविक्रीच्या परवान्यांचे नियम गेल्या दहा-पंधरा वर्षांत अनेकदा दुरुस्त झाले. त्या त्या वेळी अंतरे, शुल्के व वयोमर्यादा यांच्या आकड्यांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु ज्या शब्दांच्या आधारावर हे आकडे उभे आहेत, त्या शब्दांची चर्चा फारशी झाली नाही. प्रस्तुत लेखात ती करण्याचा प्रयत्न आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : या नियमांतील प्रमुख शब्द व्यवहारातील अर्थापासून सुटलेले आहेत आणि त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. परवानाधारकाजवळ वकील असतो, अधिकाऱ्याजवळ परिपत्रकांची धारिका असते. दुकानाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाजवळ मात्र केवळ त्याची मराठी असते. तेव्हा नियम अद्ययावत करावयाचे असतील, तर आरंभ शब्दांपासून व्हावयास हवा. या विवेचनासाठी डोळ्यांसमोर एक गाव ठेवले आहे, ते म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील उंद्री. चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव ग्रामपंचायतीचे आहे. प्रस्तुत लेखकाचा या गावाशी घरचा संबंध आहे, एवढे येथे सांगणे पुरे.

प्रथम अधिनियमाचे नावच पाहू. ‘मुंबई दारूबंदी अधिनियम’ १९४९ सालचा. उंद्रीचा प्रदेश १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. राज्यपुनर्रचनेनंतर तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये हा अधिनियम विदर्भास लागू करण्यात आला. १९६० मध्ये द्वैभाषिकाचे विभाजन झाले तेव्हा दोन्ही नव्या राज्यांनी हीच संहिता स्वीकारली. गुजरातने तिच्या आधारे दारूबंदी चालू ठेवली. महाराष्ट्राने टप्प्याटप्प्याने बंदी सैल केली; १९५३ च्या विदेशी मद्यविषयक नियमांचा विस्तार होत गेला व १९७३ मध्ये देशी मद्याचे स्वतंत्र नियम आले. एकच संहिता एका राज्यात बंदीची आणि शेजारच्या राज्यात विक्रीची व्यवस्था सांगते, असे उदाहरण अर्थविचाराच्या अभ्यासकाला सहसा मिळत नाही. महाराष्ट्राने पुढे अधिनियमाच्या नावातील ‘मुंबई’ काढून ‘महाराष्ट्र’ घातले, पण ‘दारूबंदी’ हा शब्द ठेवला. आज वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून खरोखरची दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ पासून होती व २०२१ मध्ये उठविण्यात आली. हे जिल्हे वगळता महाराष्ट्रात हा अधिनियम प्रत्यक्षात विक्रीच्या अनुज्ञप्तीचा अधिनियम आहे. ग्रामसभेत एखादी स्त्री उठून “दारूबंदीचा कायदा आहे, मग दुकान कसे?” असे विचारते तेव्हा तिचे अज्ञान प्रकट होत नाही, तिने नावाचा सरळ अर्थ घेतलेला असतो.

यानंतर ‘दारू’ या शब्दाकडे वळू. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. ‘दवादारू’ या मराठी जोडशब्दात तो अर्थ अजून टिकून आहे. ‘दारूगोळा’ या शब्दात तोच शब्द स्फोटक चूर्णाच्या अर्थाने येतो. मादक पेय हा अर्थ या दोहोंना मागे सारून पुढे आला. व्यवहारातील दारू म्हणजे नशेसाठी प्यावयाचे पेय. अधिनियमाच्या कलम २ मधील व्याख्या याहून कितीतरी रुंद आहे. तीत स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी यांचा समावेश होतोच. शिवाय मद्यार्क असलेला कोणताही द्रव तीत येतो. व्याख्येचे दोन प्रकार असतात. ‘म्हणजे’ या शब्दाने बांधलेली व्याख्या कुंपण घालते. ‘यात समावेश होतो’ या शब्दांनी बांधलेली व्याख्या फाटक उघडे ठेवते. येथील व्याख्या दुसऱ्या प्रकारची आहे.

या उघड्या फाटकाचा वाद अधिनियमाच्या जन्मापासून चालू आहे. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला तो असा की, जे पिण्याजोगे नाही त्यालाही ‘मादक मद्य’ म्हणता येईल काय? न्यायालयाने १८७८ च्या आबकारी अधिनियमापासून चालत आलेली कायद्याची परिभाषा पाहून व्याख्या ग्राह्य धरली. मात्र मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांना बंदीच्या कक्षेत आणणारी तरतूद अवैध ठरविली. हाच शब्द ७३ वर्षांनी पुन्हा न्यायालयापुढे आला. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा मताने निर्णय दिला की, राज्यसूचीतील ‘मादक मद्य’ या शब्दात औद्योगिक मद्यार्काचाही अंतर्भाव होतो. १९८९ चा सात न्यायाधीशांचा निर्णय त्याने रद्द झाला. ‘मादक’ हे विशेषण द्रवाच्या गुणाचे वर्णन करते की त्याच्या संभाव्य परिणामाचे, या व्याकरणाच्या प्रश्नावर केंद्र व राज्य यांच्या अधिकारांची व कररूपी उत्पन्नाची वाटणी अवलंबून होती. शब्दार्थाचा विचार हा पंडितांचा फावल्या वेळचा उद्योग आहे असे मानणाऱ्यांनी हा निर्णय अवश्य लक्षात घ्यावा.

न्यायालयात शब्दाचा अर्थ असा रुंदावत असता राजकीय व्यवहारात तो सोयीनुसार आकुंचन पावतो. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास अनुमती देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्याच्या समर्थनार्थ ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असे विधान जाहीरपणे करण्यात आले. द्राक्ष-उत्पादकाचे हित हा त्या समर्थनातील विचारार्ह भाग होता व त्याची चर्चा स्वतंत्रपणे होऊ शकते. परंतु ज्या अधिनियमाखाली निर्णय घ्यावयाचा, त्याच्या व्याख्येत वाइन नावानिशी असताना असे म्हणणे म्हणजे संहिता न वाचताच तिचे भाष्य करणे होय. विरोधकांनीही संहितेचा आधार क्वचितच घेतला. दोन्ही बाजू व्यवहारातील ‘दारू’विषयी बोलत राहिल्या.

‘देशी’ आणि ‘विदेशी’ या जोडीची कथा अधिक उद्बोधक आहे. शासकीय वर्गीकरणात ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ असा एक वर्ग आहे. या समासातील पहिले विशेषण दुसऱ्याला खोडून काढते. वस्तू भारतात बनते, भारतात विकली जाते, आणि तिला विदेशी म्हणतात. कारण येथे ‘विदेशी’ शब्द उत्पत्तीचे स्थान सांगत नसून प्रकार सांगतो, आणि प्रकाराहूनही अधिक तो प्रतिष्ठा सांगतो. १९५३ चे नियम विदेशी मद्याचे व १९७३ चे देशी मद्याचे, अशी ही विभागणी नियमांच्या मुळाशीच आहे. एफएल-३ ही अक्षरे परमिट रूमची व सीएल-३ ही देशी दारूच्या दुकानाची. त्यांचा विस्तार गावातील फारच थोड्यांना ठाऊक असतो, परंतु त्यांतील वर्गभेद सर्वांना कळतो. जून २०२५ मध्ये शासनाने या दोहोंच्या मध्ये धान्यापासून बनविलेल्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या तिसऱ्या वर्गाची भर घातली. नावात महाराष्ट्र आहे, पण मराठी शब्द एकही नाही. देशी म्हणावे तर भाव पडतो आणि विदेशी म्हणावे तर हेतू फसतो, अशा पेचातून हे नाव निघाले असावे असा आमचा तर्क आहे.

विक्रीच्या जागेला मराठीत पूर्वी ‘गुत्ता’ म्हणत. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, ठेका. मराठवाड्यात व वऱ्हाडात कंत्राटदाराला अजून गुत्तेदार म्हणतात. सरकार मक्ता देई, मक्तेदार दारू विकी, आणि मक्त्याचे नाव जागेला चिकटले. भाषेने येथे एक सत्य जपून ठेवले होते : हे दुकान सरकारच्या कृपेने चालते व त्या कृपेचे मोल दिलेले असते. ‘अनुज्ञप्ती’ या पारिभाषिक शब्दाने ते सत्य धुऊन निघाले. शब्द शुद्ध संस्कृत आहे, कार्यालयात रूढ आहे, आणि उंद्रीच्या बसथांब्यावर कोणी उच्चारल्यास ऐकणारा वळून पाहील. लोक लायसन म्हणतात, परवाना म्हणतात. येथे आणखी एक गुंता आहे. नियमांच्या दृष्टीने अनुज्ञप्ती विकणाऱ्याची आणि परवाना पिणाऱ्याचा. पिणाऱ्याला परवाना लागतो, म्हणून ‘परमिट रूम’ हे नाव पडले. आरोग्याच्या जपणुकीसाठी मद्य बाळगण्याचा व सेवन करण्याचा परवाना ही १९५३ च्या नियमांतील कल्पना होती. ‘दारू’ शब्दाचा औषध हा जुना अर्थ नियमकर्त्यांनी नकळत पुन्हा जिवंत केला, असे विनोदाने म्हणता येईल. आज खोलीच्या नावात परमिट उरले आहे. ग्राहकाच्या खिशात ते बहुधा नसते. जो नियम सर्वांनी विसरला आहे तो रद्द तरी करावा किंवा पाळावा तरी. तो नुसता पाटीवर ठेवल्याने कायद्याच्या प्रत्येक शब्दावरचा विश्वास थोडा थोडा झिजतो.

आता पेठेचा प्रश्न. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीची अनुज्ञप्ती देण्यास मनाई केली. रस्त्यावरील अपघात हे त्या निर्णयाचे कारण होते व ते निर्विवाद होते. ३१ मार्च २०१७ रोजी, ज्या स्थानिक संस्थांची लोकसंख्या २०,००० किंवा त्याहून कमी आहे, त्यांच्या क्षेत्रात हे अंतर २२० मीटर करण्यात आले. त्याच सुमारास काही राज्यांनी शहरांतून जाणाऱ्या महामार्गांची वर्गवारी बदलण्याचा मार्ग धरला. रस्ता तोच राहिला, वाहने तीच राहिली, केवळ रस्त्याचे नाव बदलले व दुकाने वाचली. ११ जुलै २०१७ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ आदेश नगरपालिका क्षेत्रांतील दुकानांना लागू नाही. २३ फेब्रुवारी २०१८ रोजी त्यापुढची पायरी आली : ग्रामपंचायतीचे एखादे क्षेत्र नगरपालिका क्षेत्राइतके विकसित आहे काय, हे राज्य शासनाने ठरवावे.

चौदा-पंधरा महिन्यांतील या चार पायऱ्या एका ओळीत वाचल्या म्हणजे दिसते की, वाद अंतराचा म्हणून सुरू झाला आणि ‘शहर’ या शब्दाच्या अर्थावर येऊन थांबला. शहराच्या मध्यवर्ती पेठेतील व्यवसायांना संरक्षण मिळाले. कारण तेथे रस्ता वस्तीतून जातो व वाहनाची गती कमी असते, असे मानले गेले. परंतु उंद्रीसारख्या गावांची पेठ कोठे असते? हमरस्त्यावरच्या गावात पेठ रस्त्यालाच लागून वाढते. बसथांबा, चहाची टपरी, बी-बियाण्यांचे दुकान, पिठाची गिरणी, सलून, असा तिचा विस्तार असतो. ‘पेठ’ हा द्रविड भाषांशी नाते सांगणारा शब्द. त्यात वस्ती व व्यापार हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. नगररचनेच्या परिभाषेत हे दोन अर्थ वेगळे केले जातात; गावात ते वेगळे करता येत नाहीत. जी जागा नियमाच्या दृष्टीने ‘महामार्गालगत’ आहे, तीच गावाच्या दृष्टीने ‘गावात’ आहे. शाळेत जाणारी मुले तेथूनच जातात, एस.टी.ची वाट पाहणाऱ्या स्त्रिया तेथेच उभ्या असतात. दुकान रस्त्यापासून २२० मीटर आत सरकविले तर ते पेठेतून उठून आळीत येते. पादचारी व वाहनचालक यांना वाचविणारा नियम अशा ठिकाणी घरातील माणसांच्या अधिक जवळ दुकान नेऊन ठेवतो. आणि क्षेत्र ‘पुरेसे विकसित’ ठरले तर अंतरच उरत नाही. ‘विकसित’ हे विशेषण कोणत्या मापाने लावावयाचे? रस्त्याच्या रुंदीने, दुकानांच्या संख्येने की दवाखान्याच्या असण्याने? गावाने दवाखान्यासाठी वर्षानुवर्षे विकसित होण्याची वाट पाहावी आणि मद्यविक्रीसाठी मात्र ते एका टिपणीने विकसित ठरावे, हा अर्थाचा अपव्यय आहे.

शेवटचा शब्द ‘बहुमत’. येथे प्रस्तुत परीक्षणाचा सर्वांत गंभीर भाग येतो. २५ मार्च २००८ च्या आदेशाने गावाला किंवा नगरातील प्रभागाला मतदानाने दुकान बंद करून घेण्याचा अधिकार दिला. किमान २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी करावी, मग गुप्त मतदान व्हावे, अशी ती रीत आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी बाटली म्हणजे ते बंद व्हावे. चिन्हविचाराच्या दृष्टीने ही रचना अतिशय यशस्वी आहे. शब्दाची मध्यस्थी न लागता चित्रच अर्थ सांगते. मराठीत दारू पिऊन पडलेल्या माणसालाही आपण ‘आडवा झाला’ म्हणतो. तेव्हा बाटली आडवी झाली की माणूस उभा राहील, असा एक अलिखित अर्थ या चित्राला आपोआप येऊन मिळाला. संपूर्ण नियमसंग्रहात गावकऱ्यांनी आपलेसे केलेले चिन्ह एवढे एकच आहे.

परंतु या चित्राच्या पाठीमागील वाक्य वेगळे आहे. दुकान बंद होण्यास आडव्या बाटलीला पडलेली मते झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून अधिक असणे पुरेसे नाही. ती नोंदलेल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक असावी लागतात. समजा, एका गावात १,००० महिला मतदार आहेत. त्यांपैकी ६०० आल्या आणि ४८० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. ऐंशी टक्के मते एका बाजूला पडली, तरी दुकान चालू राहील. मराठीत कोणीही याला बहुमत नाही असे म्हणणार नाही, नियम म्हणतो.

हा नियम उंद्रीस घरच्या ओसरीवर एका संध्याकाळी प्रस्तुत लेखकाने चार जणांना समजावून सांगितला. नात्यातील एक वयोवृद्ध चुलती शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारले, “बापू, मंग ज्या बाया आल्याच नाईत, त्याईचं मत कोनाले गेलं?” प्रश्नाचे उत्तर व्याकरणात सरळ आहे : ते मत उभ्या बाटलीला गेले. नाव यादीत आहे पण लग्न होऊन परगावी नांदते ती लेक, कामासाठी बाहेर गेलेली मजूर स्त्री, यादीतून नाव निघायचे राहिलेली मृत आजी, या सर्व जणी उभ्या बाटलीच्या बाजूने मतदान करतात. मौनाचा अर्थ संमती असे आपण म्हणतो. येथे अनुपस्थितीचा अर्थ संमती झाला आहे, आणि तो मतपत्रिकेवर कोठेही छापलेला नाही. चुलतींना शाळेचे शिक्षण फारसे नव्हते, परंतु नियमातील जी रिकामी जागा आम्हांस अनेक वाचनांनंतर दिसली, ती त्यांनी एका ऐकण्यात दाखविली.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, कायद्याला काटेकोर परिभाषा लागतेच. बोलीतील शब्द सैल असतात. हे खरे आहे. पण काटेकोरपणा आणि दुर्बोधता या दोन गोष्टी एक नव्हेत. ‘न आलेल्या मतदाराचे मत दुकान चालू ठेवण्याच्या बाजूने धरले जाईल’ हे वाक्य पूर्णपणे काटेकोर आहे व ते कोणालाही कळते. ते लिहिले जात नाही, याचे कारण परिभाषेची गरज हे नसून त्या वाक्यातील सत्य उघडे पडण्याचा संकोच हे असावे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. परवानाधारकाने पैसा गुंतविलेला असतो. थोड्या उपस्थितीच्या मतदानाने त्याचा व्यवसाय बुडू नये, म्हणून मर्यादा उंच ठेवली आहे, असे म्हणता येईल. हे हित आम्ही नाकारीत नाही. उपस्थितीची किमान अट घालूनही ते राखता येईल. मात्र कोणाचे हित राखले आहे हे संहितेने स्वमुखाने सांगितले पाहिजे.

याच संदर्भात नियमांतील क्रियापदांचाही उल्लेख केला पाहिजे. ‘मंजूर करण्यात येईल’, ‘विचारात घेण्यात येईल’, ‘निर्णय घेण्यात येईल’ ही रचना आपल्या शासकीय गद्यात सर्वत्र आहे. मराठीच्या या प्रयोगात कर्ता गळून पडतो. कोण मंजूर करील, कोणाकडे दाद मागावयाची, हे वाक्यातून कळत नाही. ‘ना-हरकत’ हा शब्दही त्याच कुळातील. ‘हरकत’ म्हणजे मुळात अरबीत हालचाल. मराठीत तिचा अर्थ आक्षेप झाला. मार्च २०२५ मध्ये गृहनिर्माण संस्थांच्या आवारातील नव्या बिअर व मद्यविक्रीच्या दुकानांसाठी संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक करण्याची घोषणा विधिमंडळात झाली. घोषणा स्वागतार्ह आहे. पण ज्याची संमती घ्यावयाची त्याला ‘संमती’ हा शब्द न देता ‘हरकत नाही’ एवढेच म्हणू देणे, यात विचारणाऱ्याने होकार आधीच गृहीत धरलेला दिसतो.

या विवेचनातून निघणाऱ्या सूचना मोजक्याच आहेत. अधिनियमाचे नाव त्याच्या आशयाशी जुळावे. ‘विदेशी’ हा शब्द ज्या वस्तू खरोखर परदेशातून येतात त्यांच्यापुरता ठेवावा. पिणाऱ्याच्या परवान्याची तरतूद पाळावी अथवा काढून टाकावी. ‘विकसित क्षेत्र’ याची मापे नियमातच द्यावीत व ग्रामपंचायतीच्या पेठेचा विचार रस्त्याच्या अंतराबरोबर घराच्या अंतरानेही व्हावा. मतदानाच्या सूचनेत जिंकण्यास लागणारा आकडा, त्या गावापुरता, अंकांत छापावा. आणि कोणताही नियम अंतिम होण्यापूर्वी त्याचा मराठी पाठ एखाद्या ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. वाचून झाल्यावर सभेतील कोणी प्रश्न विचारला आणि वाचणाऱ्याला संहितेत उत्तर सापडले नाही, तर तो मसुदा अपुरा समजावा.

हा विषय भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गाच्या कक्षेबाहेरचा आहे असे काही विद्यार्थ्यांना वाटेल. त्यांना एवढेच सुचवावयाचे की, पुढील सुट्टीत गावी जाताना या नियमांची एक प्रत सोबत न्यावी आणि घरातील वडीलधाऱ्यांना ती वाचून दाखवावी. कोणत्या शब्दापाशी ते थांबवतात याची टिपणे काढली, तर अर्थविचाराचा एक चांगला प्रबंध हाती येईल. उंद्रीच्या ओसरीवर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाने त्या वेळी दिले. ते ऐकून चुलती काही बोलल्या नाहीत. पुढच्या मतदानाची सूचना ज्या गावात लागेल, तेथे तरी ते उत्तर सूचनेवरच छापलेले असावे.